सुईच्या अर्ध्या फेऱ्याचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा माझ्यासारखा चळवळीतला माणूस गिरणी संपाचा किंवा कामगार कायद्यांचा इतिहास सांगेल अशीच त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र विषय कळविला तो खेळण्यातल्या विमानाच्या एंजिनाचा, आणि त्यातही त्या एंजिनाच्या कार्ब्युरेटरवरील एका सुईचा. चालकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार मानतो. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. ही सुई शिवणाच्या सुईहून फारशी जाड नसते आणि तिच्या डोक्याला दोन बोटांत धरता येईल एवढीच चकती असते. परंतु ती फिरविणाऱ्या माणसाला इतिहासाच्या ग्रंथांत जागा किती मिळाली, हा प्रश्न लहान नाही. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम ही सुई करते काय ते सांगतो. पेट्रोल असो वा स्पिरिट असो, नुसते पेटवून एंजिन चालत नाही. ते हवेत ठराविक प्रमाणात मिसळावे लागते. पेट्रोलच्या एका वजनी भागाला हवेचे सुमारे पंधरा भाग लागतात. मिथेनॉल, म्हणजे लाकडी स्पिरिट, घेतले तर साडेसहाच्या आसपास पुरतात. इंधन जास्त झाले तर मिश्रण रिच झाले आणि कमी पडले तर लीन झाले असे आपले मिस्त्री म्हणतात. हे शब्द आता मराठीच झालेले आहेत, तेव्हा मीही तेच वापरीन. हवेच्या नळीची वाट मध्येच अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीतील व्हेंचुरी नावाच्या अभ्यासकाने १७९७ साली पाण्याच्या प्रवाहाविषयी हे लिहून ठेवले. त्या अरुंद जागी एक बारीक छिद्र ठेवले तर उतरलेल्या दाबामुळे इंधन आपोआप शोषले जाऊन त्याचे तुषार होतात. छिद्रात निमुळती सुई बसवून ती मागेपुढे केली की इंधन कमीजास्त होते. एवढेच यंत्र.

एवढेच यंत्र खरे, पण ते सुचावयाला वेळ लागला. आरंभीची एंजिने इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वाफ पाजीत. कार्ल बेंझची १८८६ ची तीनचाकी अशीच चाले. १८८८ च्या ऑगस्टात त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी दोन्ही मुलांना बरोबर घेऊन ती गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, नेली. वाटेत व्हीस्लोख गावी इंधन संपले तेव्हा त्यांनी ते औषधांच्या दुकानातून विकत घेतले, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावलेली पिन काढून ती मोकळी केली. इंधनाच्या वाटेत घातलेल्या ज्या सुईची नोंद राहिली आहे अशी ही बहुधा पहिलीच, आणि ती एका गृहिणीच्या टोपीतली होती, हे येथे बसलेल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

तुषार उडविणारा कार्ब्युरेटर १८९३ साली दोन ठिकाणी जन्मास आला. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी तो केला आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी. हंगेरीच्या जोडीचे पेटंट त्याच वर्षीच्या ११ फेब्रुवारीचे. या जोडीविषयी बुडापेस्टमध्ये एक आख्यायिका आहे, की रस्त्यावरील फुलवाली तोंडाने फुलांवर पाण्याचे तुषार उडवीत होती आणि ते पाहून दोघांना युक्ती सुचली. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की मायबाख लहानपणी आईबाप गमावून रॉइटलिंगेनच्या अनाथगृहात वाढला आणि तेथल्या कारखान्यातच काम शिकला. आणि चोंका हा लोहाराचा मुलगा, बुडापेस्टच्या तंत्रविद्यालयाच्या कार्यशाळेचा प्रमुख झाला तरी त्याच्याजवळ पदवी नव्हती. बांकी पुढे प्राध्यापक झाले. शास्त्र जाणणारा आणि हाताने करणारा असे दोघे एका बाकावर बसले, आणि पेटंटावर दोघांचीही नावे आली. असे नेहमी घडत नाही. पुढची हकीकत त्याचाच पुरावा आहे.

अमेरिकेत स्मिथ्सोनियन संस्थेचे चिटणीस सॅम्युएल लँगली हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी सरकारच्या युद्धखात्याकडून पन्नास हजार डॉलर घेऊन माणूस वाहून नेणारे विमान करावयास घेतले. मोठ्या विमानाआधी त्याची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती केली, तिला लहानसे पेट्रोल एंजिन बसविले, आणि पोटोमॅक नदीत नांगरलेल्या घरनौकेवरून १९०१ मध्ये व पुन्हा ८ ऑगस्ट १९०३ रोजी ती उडविली. आज आपण ज्याला मॉडेल विमान म्हणतो त्याचे पेट्रोल एंजिनावरचे उड्डाण प्रथम येथे घडले. माणूस पेट्रोल एंजिनाच्या विमानाने उडण्याआधी मॉडेल उडाले हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि लँगलींच्या कार्ब्युरेटरमध्ये सुईची करामत नव्हती. मोठ्या विमानाच्या एंजिनासाठी त्यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी जो कार्ब्युरेटर वापरला, तो म्हणजे सच्छिद्र लाकडाच्या तुकड्यांनी भरलेली एक पेटी. लाकूड पेट्रोलने भिजवावयाचे आणि हवा त्यातून ओढावयाची. एंजिन स्वतः उत्तम होते, बावन्न अश्वशक्तीचे.

८ ऑगस्टची प्रतिकृती सुमारे हजार फूट गेली आणि एंजिन मंदावून पाण्यात उतरली. कारण काय? संस्थेच्या वृत्तांतात ते दिले आहे: एका कामगाराने इंधन कमी पडू नये या उत्साहात टाकी अति भरली, पेट्रोल उतू जाऊन हवेच्या वाटेत शिरले आणि एंजिन गुदमरले. मिश्रण रिच झाले, असे आपण म्हणू. आता टाकी उतू गेली तर पेट्रोल हवेच्या तोंडात शिरेल अशा जागी ती कोणी बसविली, याचा विचार करण्याची गरज वृत्तांत लिहिणाराला भासली नाही. तीस वर्षे कारखान्यांतील अपघातांचे चौकशी अहवाल वाचीत आलो आहे. त्यामुळे १९०३ चा हा परिच्छेद वाचताना मला मुळीच परके वाटले नाही.

त्याच वर्षी डेटनमध्ये राइट बंधूंच्या सायकल दुकानात चार्ली टेलर नावाचा यंत्रकामगार आठवड्याला अठरा डॉलर पगारावर काम करीत होता. बंधूंना हवे तसे एंजिन कोणी मोटार कारखानदार देईना, तेव्हा टेलरने लेथ, ड्रिल आणि हातहत्यारांवर सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे एंजिन उभे केले. ते सुमारे बारा अश्वशक्तीचे भरले. त्यालाही आजच्या अर्थाने कार्ब्युरेटर नव्हताच. पंखाच्या दांड्यावर टांगलेल्या लहान डब्यातून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येई, तापलेल्या धातूवर त्याची वाफ होई आणि ती हवेबरोबर आत जाई. किती पेट्रोल सोडावयाचे ते जमिनीवरच एका लहान तोटीने जुळवून घ्यावयाचे. वर गेल्यावर त्यात बदल नाही. १७ डिसेंबर १९०३ ची चारही उड्डाणे, त्यातले एकोणसाठ सेकंदांचे शेवटचे धरून, अशी जमिनीवर लावलेल्या तोटीवर झाली.

टेलरचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तो १९५६ च्या जानेवारीत वारला. त्याच्या आदल्या वर्षी तो लॉस एंजलिसच्या सार्वजनिक रुग्णालयात धर्मादाय रोगी म्हणून पडलेला सापडला होता. बोभाटा झाल्यावर विमान उद्योगातील मंडळींनी त्याला खाजगी रुग्णालयात हलविले. आता त्याचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान दुरुस्ती कारागिरांचा दिवस म्हणून पाळतात.

माणसाची विमाने वाढत गेली तशी त्यांची एंजिनेही वाढली, कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा आला, झडपा आल्या, आणि मूळची साधी सुई आत कोठे तरी दडून गेली. ती उघड्यावर राहिली मॉडेलमध्ये. म्हणूनच हा इतिहास मॉडेलच्या अंगाने सांगणे मला सोयीचे वाटते. मोठ्या यंत्रात जे झाकले गेले ते येथे डोळ्यांना दिसते.

इंग्लंडात डेव्हिड स्टँगर यांच्या पेट्रोल मॉडेलने १९१४ साली एक्कावन्न सेकंदांचे उड्डाण केले, आणि तो विक्रम १९३२ पर्यंत कोणी मोडला नाही. अठरा वर्षे! मधल्या काळात पोरे रबराच्या पिळावर विमाने उडवीत राहिली, कारण लहान एंजिन करणे फार खर्चाचे आणि ते चालू ठेवणे त्याहून कठीण. हा पेच सोडविला फिलाडेल्फियाच्या एका शाळकरी मुलाने. बिल ब्राउन हे त्याचे नाव. त्याने सुमारे दहा घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक एंजिन केले, आणि त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट याने १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते बसविलेले विमान आणून रबराच्या विमानांचा असा धुव्वा उडविला की पुढे पेट्रोल मॉडेलांसाठी वेगळा गट करावा लागला. १९३४ च्या मे महिन्यात बॅसेटचे विमान अडीच तासांहून अधिक वेळ हवेत राहिले आणि न्यू जर्सीतून उडून डेलावेअर राज्यात जाऊन उतरले. ब्राउन ज्युनिअर या नावाने एंजिन विकावयास आले तेव्हा त्याची किंमत साडेएकवीस डॉलर होती. तो महामंदीचा काळ. चार्ली टेलरचा १९०३ सालचा आठवड्याचा पगार मी आताच सांगितला, त्यावरून ही किंमत कामगाराच्या मुलाला किती जड होती याचा अंदाज यावा.

ब्राउनच्या एंजिनात तरंगता गोळा नव्हता. नळी, तिच्यात आडवी बसविलेली सुई, आणि खाली लटकणारी टाकी. आजच्या मॉडेल एंजिनाचा सांगाडा त्यात पुरा दिसतो. पण ते ठिणगीवर चाले, म्हणजे विमानाला कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी वाहून न्यावी लागे. चालविणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी असत: ठिणगी केव्हा पडावी हे ठरविणारी दांडी आणि इंधनाची सुई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात ठिणगीवाचून चालणारी छोटी डिझेल एंजिने आली. ईथर, रॉकेल आणि एरंडेल असे त्यांचे खाद्य. तेथेही सुईच्या जोडीला दाब कमीजास्त करणारा स्क्रू होताच. मग १९४७ साली अमेरिकेत रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमच्या तारेचे एक बारीक वेटोळे दीड व्होल्टच्या सेलने तापवावयाचे. एंजिन सुरू झाले की सेल काढून घ्यावयाचा. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून तार आपली आपण लाल राहते. बॅटरी गेली, कॉइल गेली, दांडी गेली. सगळे वजन उतरले आणि सगळी जबाबदारी एकट्या सुईवर आली. पाचाआठ वर्षांत कॅलिफोर्नियाच्या लिरॉय कॉक्स यांच्या कारखान्यातून एक घनसेंटिमीटरहूनही लहान एंजिने लाखांनी बाहेर पडू लागली आणि सामान्य घरांतील मुलांच्या हाती गेली.

आता सुई लावतात कशी ते सांगतो. आमच्या भागातील एक टर्नर सुटीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुलांना विमाने उडवावयास शिकवीत असे. त्याच्याजवळ बसून मी हे पाहिले आहे आणि पुढे स्वतः केलेले आहे.

सुई पुरी बंद करून अडीच-तीन फेरे उलट फिरवावयाची. हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनतीनदा फिरवावयाचा म्हणजे इंधन चढते. सेल जोडावयाचा आणि पंख्याला झटका द्यावयाचा. नवशिक्याने येथे बोट जपावे. एंजिन पकडते ते रिच अवस्थेत: फट्‌फट्‌ असा जाड, तुटक आवाज येतो आणि मागून एरंडेलाचा धूर निघतो. टू-स्ट्रोक एंजिनाने खरे तर प्रत्येक फेऱ्याला पेट घ्यावयाचा, पण इंधनाने ओथंबलेले मिश्रण एका फेऱ्याआड पेटते. त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. आता सुई हळूहळू आत घ्यावयाची, एका वेळी घड्याळाच्या पाचदहा मिनिटांच्या काट्याएवढीच, आणि दर वेळी थांबावयाचे, कारण नळीतले जुने इंधन संपून नव्या प्रमाणाचे यावयास दोनचार सेकंद लागतात. उतावळा माणूस येथेच फसतो. तो सुई फिरवितो, लगेच फरक दिसत नाही म्हणून आणखी फिरवितो, आणि मग एकदम एंजिन बंद.

एका ठिकाणी आवाज पालटतो. तुटक फट्‌फट्‌ जाऊन अखंड, चढा, एकजीव सूर लागतो. येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी तंबोरा जुळविताना पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. तार सुरात येताना आधी लाटा ऐकू येतात, मग लाटा विरतात आणि तार बोलू लागते, तसलाच तो क्षण असतो. आणखी थोडी सुई आत घेतली की सूर शिखराला पोचतो. त्याच्याही पुढे गेले की आवाज कोरडा होतो, धूर नाहीसा होतो आणि एंजिन दम टाकते. शिखर ऐकले की तेथून सुई थोडी मागे घ्यावयाची आणि तेथे ठेवावयाची. शिखरावर ठेवावयाची नाही.

का नाही, तेही सांगतो. या एंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. एरंडेल इंधनातच मिसळलेले असते. तेव्हा इंधन तोडले की वंगणही तुटले. लीन एंजिन तापते आणि त्याच वेळी त्याचे तेल कमी होते, अशी दुहेरी मार बसते. अर्धा मिनिट ते सर्वांत सुंदर आवाज करते, आणि तोच आवाज पिस्टन खाणारा असतो. जमिनीवर लावलेले प्रमाण आकाशात टिकेलच असेही नाही. पंख्याला पुढे वारा मिळाला की त्याचे फेरे वाढतात आणि मिश्रण लीनकडे झुकते. नाक वर केले की टाकीतले इंधन सुईच्या खाली जाते, चढण पडते, आणि पुरवठा कमी होतो. म्हणून सोडण्यापूर्वी विमान हातात धरून त्याचे नाक आभाळाकडे करून पाहावयाचे. आवाज किंचित चढला तर ठीक. पडला तर सुई आणखी उघडावयाची. आणखी एक परीक्षा आहे. इंधनाची रबरी नळी चिमटीत क्षणभर दाबावयाची. आवाज आधी चढून मग पडू लागला तर मिश्रण रिच होते, आणि चढल्यावाचून थेट पडला तर आधीच लीन होते. एवढ्या साध्या चिमटीत निदान होते.

आणि हे एकदा लावून सुटका नाही. जानेवारीच्या सकाळी पुण्यात लावलेली सुई मे महिन्याच्या दुपारी चालत नाही. तापलेली हवा विरळ होते, तेवढ्याच घासात प्राणवायू कमी येतो, म्हणून त्याच इंधनाला मिश्रण रिच ठरते आणि सुई जराशी आत घ्यावी लागते. मुंबईच्या दमट हवेत आणखी निराळे. टाकी सुईच्या पातळीहून थोडी वर बसविली की निराळे, पंखा बदलला की निराळे. यांतले प्रत्येक कारण पुस्तकात सापडते. परंतु सगळी कारणे एका वेळी हजर असतात तेव्हा त्यांची बेरीज कानानेच करावी लागते.

या सुईवर अमेरिकेतील तारेच्या विमानांवाल्यांनी एक अजब कसब बसविले. विमान दोन तारांनी हाताशी बांधून गोल फिरवावयाचे, त्यात गिरक्या घ्यावयाच्या, अशी ही तऱ्हा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या फॉक्स ३५ या एंजिनाची सुई ते मुद्दाम रिच लावीत, सूर पालटण्याच्या काठावर. विमान सरळ जात असता एंजिन फट्‌फट्‌ करीत आळसात चाले. नाक वर झाले की इंधन थोडे कमी पडून ते आपोआप चढ्या सुरात जाई आणि हवा तेवढी शक्ती देई. वळण उतरले की पुन्हा आळसात. वेग सांभाळण्यासाठी वेगळे यंत्र नाही. जो दोष टाळावयाचा म्हणून सगळे धडपडतात तो काठावर धरून त्याच्याकडून काम करून घेतले! हे कोणा एका संशोधकाच्या नावावर नाही. मैदानावरच्या शेकडो जणांच्या बोटांतून ते घडले.

उलटे उडण्याचा प्रश्न मोठ्या विमानांना कसा नडला हे येथे ओघाने येते. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन यांची मर्लिन एंजिने वैमानिकाने नाक झटकन खाली घातले की क्षणभर बंद पडत, कारण कार्ब्युरेटरच्या तरंगत्या गोळ्याचे गणित बिघडून एंजिन पेट्रोलने गुदमरे. जर्मन विमानांत इंधन पिचकारीने थेट सिलिंडरमध्ये जाई, त्यांना ही अडचण नव्हती. कायमचा उपाय होईतो फार्नबरोच्या संशोधन केंद्रातील बिएट्रिस शिलिंग या अभियंत्या बाईंनी पितळेची एक लहानशी टोपी केली. तिला मधोमध असे छिद्र, की एंजिनाला पुऱ्या शक्तीसाठी लागते तेवढेच पेट्रोल त्यातून जावे, अधिक जाऊ नये. १९४१ च्या मार्चपर्यंत त्या स्वतः मोटारसायकलवरून विमानतळांवर फिरून माणसे हाताशी घेऊन ती बसवीत होत्या. जे सुई करते तेच त्या छिद्राने केले. परंतु त्यात एक फरक आहे, आणि माझ्या विषयाचे मर्म तेथे आहे. सुई माणसाला फिरविता येते. छिद्र एकदा पाडले की कोणाला काही ठरवावयाचे उरत नाही.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. चार्लीशी त्याचे काही नाते नाही. आडनाव तेवढे सारखे. त्याचे म्हणणे असे, की कामगारांच्या पिढ्यांनी साठविलेले पारंपरिक ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम आणि कोष्टके करावीत, आणि मग कामगाराने कोष्टकाप्रमाणे काम करावे. तो लुच्चा नव्हता, कामगाराला अधिक मजुरी द्यावी असेही तो म्हणे. पण ज्ञान कोणाचे आणि ते कोणाच्या ताब्यात जावे, हे त्याने जितक्या उघडपणे लिहिले तितके त्याच्या आधी क्वचितच कोणी लिहिले असेल.

मला हा प्रश्न पुस्तकाबाहेर भेटला. वीसएक वर्षांपूर्वी पुण्याच्या आसपासच्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) दुचाकी गाड्यांच्या साखळीच्या शेवटी सात माणसे कार्ब्युरेटर जुळवीत. धूर मोजणारे मीटर होतेच. पण मीटर काय ते सांगे, किती फिरवावे ते सांगत नसे. वर्गवारीत हे सातही जण अर्धकुशल. कारण विचारले तेव्हा वेळमोजणीचा तक्ता पुढे आला. त्यात लिहिले होते: स्क्रू जुळविणे, पस्तीस सेकंद. एखाद्या गवयाच्या कामाची नोंद, तोंड उघडणे, तीन तास, अशी करावी तसला प्रकार. आम्ही भाषण केले नाही. तक्ता लिहिणाऱ्या गृहस्थांनाच विनंती केली, की हाच कागद नव्या उमेदवाराच्या हाती द्यावा आणि चार गाड्या जुळवून घ्याव्यात. पोरगा हुशार होता, कागद अक्षरशः पाळला. चारांतल्या दोन गाड्या थंड असताना ठीक चालल्या आणि तापल्यावर सिग्नलला उभ्या राहिल्यासारख्या बंद पडल्या. मग सातांपैकी सर्वांत जुन्या माणसाने त्या हाती घेतल्या. त्याने एकेका गाडीचा कान घेतला, थोडा थांबला, फिरविले. त्यालाही सुमारे पस्तीस सेकंदच लागले. वाटाघाटी तरीही अकरा महिने चालल्या, आणि अखेर सातांना कुशल वर्ग मिळाला.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-सहा ही धुराची मर्यादा लागू झाली, आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी संगणक हवेचे तापमान, दाब आणि धुरातला प्राणवायू मोजून सेकंदात अनेकदा इंधन ठरवितो. या बदलाला विरोध करणाऱ्यांपैकी मी नाही. शहराच्या चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीसही कामगारच आहे, आणि त्याच्या फुप्फुसांचा हिशेब आपण धरलाच पाहिजे. पेट्रोलही वाचते. माझी तक्रार वेगळी आहे. रस्त्याकडेच्या ज्या मिस्त्रींच्या कानावर आपल्या गाड्या चाळीस वर्षे चालल्या, त्यांना नवे यंत्र शिकविण्याची नीट योजना कोणी केली? निदान सांगणारे उपकरण महाग, त्याच्या आतली माहिती कंपनीच्या कुलपात, आणि मिस्त्रीच्या हाती उरले तेल बदलणे. बेरोजगारीच्या कोणत्या तक्त्यात हे येत नाही, कारण त्याचे दुकान तर उघडेच असते. आमच्या त्या सातांपैकी दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, चौघे दुसऱ्या विभागात गेले. एकाला कंपनीने इंजेक्शनचे प्रशिक्षण दिले, आणि तो आज तेथे नव्या पोरांना शिकवितो. संधी दिली तर कान वाया जात नाही, याला हा एक तरी साक्षीदार आहे.

मॉडेलच्या जगातही सुई मागे हटली आहे. गेल्या वीसपंचवीस वर्षांत विजेच्या मोटारी आणि लिथियम बॅटऱ्या इतक्या हलक्या झाल्या की हौशी मुलाला आता एरंडेलाने हात माखावयाची गरज राहिली नाही. तरी ती सुई पुरती गेलेली नाही. तारेच्या विमानांच्या जागतिक स्पर्धांत सांघिक शर्यत म्हणून एक प्रकार आहे, एफ-टू-सी या नावाचा. अडीच घनसेंटिमीटरची डिझेल एंजिने, एका वर्तुळात तीन संघ, दहा किलोमीटरचे शंभर फेरे. प्रत्येक संघात माणसे दोन. एक मध्यभागी उभा राहून विमान फिरवितो. दुसरा वर्तुळाच्या कडेला गुडघ्यावर बसतो. इंधन संपून विमान उतरले की ते हातात झेलतो, टाकी भरतो, आवाज मागच्या फेरीत कसा होता ते आठवून स्क्रू किंवा सुई केसभर हलवितो, पंख्याला बोटाने झटका देतो आणि सोडतो. हे सारे काही सेकंदांत. विजेता जाहीर करताना वैमानिक आणि मेकॅनिक अशी दोन्ही नावे वाचतात, आणि पदकेही दोघांना देतात.